घरी नसलेल्या माणसाची आरोग्य पाहणी

मुंबई महानगरपालिकेने २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने शहरातल्या प्रौढांची आरोग्य पाहणी केली. १८ ते ६९ वयाच्या जवळपास सहा हजार जणांना त्यांच्या सवयी विचारल्या, रक्तदाब मोजला, उपाशीपोटी साखर तपासली. हाती आलेले आकडे झोप उडवणारे होते. ३४ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला, १८ टक्क्यांची साखर जास्त, आणि तब्बल ९४ टक्के लोकांच्या पोटात पुरेशी फळे-भाज्या जात नाहीत. मुंबईच्या धावपळीने मुंबईकरांची काय गत केली आहे यावर मग रीतसर चर्चाही झाली. पण ही धावपळ जे सर्वांत जास्त सोसतात, त्यांतले कितीतरी लोक या मोजणीत नव्हतेच. घरोघर होणाऱ्या पाहणीत माणूस मोजला जातो तो राहतो तिथे, राबतो तिथे नव्हे. वसई तालुक्यातल्या जूचंद्रहून सकाळी नायगाव स्थानक गाठणारा, तिथून सुमारे ४८ किलोमीटरवरच्या चर्चगेटकडे जाणारी लोकल पकडणारा आणि रात्री परतणारा माणूस दिवसाचे बारा तास मुंबईच्या हवेत, गर्दीत आणि वडापावात काढतो. मुंबईच्या आरोग्याच्या हिशेबात मात्र तो येत नाही.

बरे, तो पालघर जिल्ह्याच्या हिशेबात तरी नीट येतो का? जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला आणि २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत त्याचे आकडे स्वतंत्र निघाले. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याच्या हद्दीत सुमारे ३० लाख माणसे होती, त्यांतली १२ लाखांवर एकट्या वसई-विरार शहरात. उरलेल्यांत जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे आदिवासी पाडे आहेत, डहाणूच्या वाड्या आहेत, सातपाटीचे कोळी आहेत. कुपोषणासाठी राज्यभर ज्याचे नाव घेतले जाते तो मोखाडा आणि पोटाचा घेर वाढत चाललेली नायगाव पूर्वेची नवी वस्ती यांची सरासरी काढली, तर ती दोघांपैकी कोणाचीच नसते. जूचंद्रचा नोकरदार असा दोन तक्त्यांच्या मधल्या फटीत पडतो. या फटीत पाहायचे असेल तर पाहणी जवळून करावी लागेल, आणि ती करताना प्रश्नांचा क्रमही उलटा करावा लागेल, असे माझे म्हणणे आहे. काम करणाऱ्या माणसाच्या सवयी विचारण्याआधी त्याचे तास विचारले पाहिजेत. तास न विचारता सवयी विचारल्या की उत्तरे मिळतात, पण त्यांतून कळत काहीच नाही.

जूचंद्र हे मुळात आगरी वस्तीचे गाव. खाडीकाठची मिठागरे, भातशेती, टेकडीवरची चंडिकादेवी आणि घरोघरी रांगोळीत हात बसलेली माणसे ही त्याची जुनी ओळख. रांगोळी कलाकारांचे गाव म्हणून त्याचे नाव पार मुंबईपर्यंत गेले आहे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, भोवताली इमारती उठल्या आणि गावाची कामे बदलली. आज इथला एक माणूस पश्चिम रेल्वेने मुंबईला जातो, दुसरा वालीव किंवा सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यात पाळी करतो, तिसरा वसई रोड-दिवा मार्गावरच्या मोजक्या गाड्यांपैकी एखादी धरून भिवंडीच्या गोदामांकडे निघतो, चौथा नायगाव स्थानक ते बापाणे फाटा शेअर रिक्षा मारतो. घरातली बाई दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकाला जाते, शाळेत मदतनीस असते किंवा शिलाई घेऊन घरीच बसते. या सगळ्यांना ‘कार्यरत प्रौढ’ अशा एकाच रकान्यात घालता येते. पण शरीराच्या दृष्टीने त्यांचे दिवस इतके वेगळे आहेत की त्या रकान्यातून डॉक्टरला काहीच उमगणार नाही.

आता पाहणी कशी होते ते बघू, कारण घोळ बराचसा तिथेच आहे. आधी वस्तीतल्या घरांची यादी करतात, तीतून ठरावीक अंतराने घरे निवडतात. निवडलेल्या घरात प्रौढ तीन-चार असतील, तर कोणाला विचारायचे हे पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर सोडत नाहीत. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये त्यासाठी एक तक्ता बनवला. घरातल्या माणसांची वयानुसार यादी करायची आणि तक्ता ज्याच्यावर बोट ठेवील त्यालाच विचारायचे. तो घरी नसला तर पुन्हा जायचे. शेजारच्याला विचारून काम भागवायचे नाही, कारण दुपारी बाराला दार उघडणारा आणि न उघडणारा या दोघांची तब्येत सारखीच असेल असे धरता येत नाही. नियम चोख आहे, पण कामाच्या दिवशी सहाला निघून नऊला परतणाऱ्या माणसाने तीन खेपांतही दार उघडले नाही तर तो ‘भेटला नाही’ या रकान्यात जमा होतो. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर निवडलेल्या स्त्रियांपैकी ९७ टक्क्यांनी उत्तरे दिली, पुरुषांपैकी ९२ टक्क्यांनी. फरक दिसायला किरकोळ आहे. पण न भेटलेले पुरुष बहुतेक कामावरच असणार, म्हणजे ज्यांच्या कामाबद्दल जाणून घ्यायचे तेच हातून निसटतात. उपाशीपोटी रक्त तपासायचे तर आणखी पंचाईत. त्यासाठी आठ-दहा तास काही न खाता सकाळी हजर राहावे लागते. सहा-वीसची गाडी पकडणारा आठच्या शिबिराला कसा येणार? त्याने अर्ध्या दिवसाचा पगार सोडला तरच. म्हणून नोकरदारांसाठी उपाशीपोटीच्या साखरेऐवजी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी घ्यावी. तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही, रविवारी दुपारी जेवणानंतरही ती करता येते. ती महाग पडते, आणि रक्तात लोह कमी असले तर तिचा आकडा फसवूही शकतो. महाराष्ट्रात ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे असे हीच कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, तेव्हा हा दोष नजरेआड करून चालणार नाही. पण माणूसच न सापडण्यापेक्षा दुरुस्त करता येणारा दोष परवडला.

यावर कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? माणूस कामावर असतो तर कामावरच गाठा. हा मार्ग जुना आहे आणि त्याने मोठे ज्ञानही दिले आहे. लंडनच्या दुमजली बसमध्ये तेव्हा चालक दिवसभर बसून असे आणि वाहक जिने चढ-उतर करी. जेरी मॉरिस या डॉक्टरने या दोघांची तुलना करून १९५३ मध्ये दाखवले की वाहकांना हृदयविकार कमी होतो. शारीरिक हालचाल आणि हृदय यांचा संबंध असा पहिल्यांदाच ठळकपणे समोर आला. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते मॉरिसने पुढे केलेले काम. १९५६ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बस कंपनीच्या गणवेशांच्या नोंदी काढल्या, तेव्हा चालकांच्या विजारीची कंबर नोकरीला लागतानाच वाहकांपेक्षा मोठी असल्याचे दिसले. म्हणजे खुर्चीने माणूस जाड केला हे अर्धेच खरे, जाड माणूस खुर्चीकडे गेला हेही त्यात होते. कामाच्या जागी होणाऱ्या प्रत्येक पाहणीत ही भानगड असते. ज्याची पाठ गेली त्याने गोदाम सोडलेले असते, ज्याला दम लागतो तो गाळ्यात टिकत नाही, म्हणून कामावर सापडणारा माणूस बेकारापेक्षा नेहमीच निरोगी दिसतो. शिवाय शेठच्या केबिनबाहेर बसून, आपल्याला साखर आहे हे कंत्राटी कामगार खरे सांगेल का? आणि रिक्षावाल्याचे, घरकाम करणाऱ्या बाईचे, घरी शिलाई करणारीचे कार्यालय कुठे शोधणार? तेव्हा पाहणी घरीच हवी, मात्र ती घरच्यांच्या वेळेला हवी. रविवारी आणि सुटीच्या दिवशी जा, आठवड्यातल्या रात्री जायचे तर गावातल्या ओळखीच्या माणसाला बरोबर घेऊन जा.

माणूस भेटला की प्रश्नांची पाळी. देशातल्या असंसर्गजन्य आजारांची २०१७-१८ ची राष्ट्रीय पाहणी सांगते की ४१ टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी आहे. हालचाल मोजणाऱ्या जागतिक प्रश्नावलीत तीन भाग असतात: कामावर, येण्याजाण्यात आणि फावल्या वेळात. रचना शहाणपणाची आहे, पण लोकांच्या कानावर प्रश्न पडतो तो ‘व्यायाम करता का?’ असाच, आणि त्याला उत्तर मिळते ‘वेळ कुठाय?’. मग येण्याजाण्याचा भाग घाईत उरकला जातो. जूचंद्रच्या नोकरदाराची खरी हालचाल तर तिथेच आहे. घरापासून रिक्षाच्या रांगेपर्यंत, नायगावचा पूल, दादरला पश्चिमेकडून मध्य रेल्वेकडे जाण्याची धावाधाव, तिथून ऑफिस. एकेक तुकडा पाच-सात मिनिटांचा. जुन्या नियमाप्रमाणे सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल धरतच नसत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ती अट काढून टाकली आणि आठवड्याला १५० मिनिटांच्या हिशेबात हे तुकडेही आले. म्हणजे माणूस तोच, पाय तेच, पण नियम बदलल्याबरोबर तो ‘निष्क्रिय’चा ‘सक्रिय’ होऊ शकतो. उलट लोकलच्या डब्यात तास-सव्वा तास एका हाताने कडी धरून, दुसऱ्याच्या पाठीला पाठ लावून उभे राहणे कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्याला व्यायाम म्हणता येत नाही, आराम तर नाहीच नाही. दिवाळीच्या दिवसांत पाच-सहा तास उकिडवे बसून, श्वास रोखून चिमटीतून रंग सोडणाऱ्या रांगोळीकाराचे गुडघे आणि कंबर कोणत्या प्रश्नात येतात? दम लागतो का, एवढेच प्रश्नावली विचारते. त्याला दम लागत नाही, म्हणून कागदावर त्याला काहीच होत नाही.

लोक खरे सांगत नाहीत, तेव्हा विचारण्याऐवजी यंत्रानेच मोजा, हा पुढचा आक्षेप. त्याला आधार भक्कम आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत २००३-०४ मध्ये लोकांच्या कमरेला हालचाल टिपणारे छोटे यंत्र बांधले होते. आपण पुरेशी हालचाल करतो असे तोंडी सांगणारे निम्म्याच्या आसपास होते, यंत्राच्या हिशेबाने मात्र पाच टक्केही भरले नाहीत. माणूस स्वतःबद्दल उदारपणे बोलतो हे यातून सिद्ध होते, यात वाद नाही. पण यंत्रालाही सगळे कळत नाही. शरीर हलले की नाही एवढे ते सांगते. कोणी हलवले, कशासाठी आणि त्यातले टाळता येण्यासारखे किती, हे त्याला ठाऊक नसते. डोक्यावर हंडा घेऊन तिसरा मजला चढणारी बाई आणि हौसेने टेकडी चढणारा माणूस त्याला सारखेच. म्हणून थोड्या लोकांना यंत्र बांधावे आणि सगळ्यांना प्रश्न विचारावेत. दोन्हींत किती तफावत पडते ते त्या थोड्यांवरून कळते, आणि बाकीच्यांच्या उत्तरांना तेवढी कात्री लावता येते.

आहाराच्या बाबतीत घोळ वेगळाच आहे. आपल्याकडच्या असंसर्गजन्य आजारांच्या त्याच राष्ट्रीय पाहणीत ९८.४ टक्के प्रौढ दिवसाला फळे-भाज्यांचे पाच भाग, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम, खात नाहीत असे निघाले. ज्या परीक्षेत शंभरातले अठ्ठ्याण्णव नापास होतात, तिच्यातून मुलांची हुशारी कळत नाही, एवढेच कळते की पेपर या वर्गासाठी काढलेला नव्हता. त्यातून एका दिवसाचा आहार विचारला तर तो सवय सांगतो की निव्वळ तो दिवस, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नावर सगळ्यांत खोल विचार एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने केला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. एकाच निरोगी माणसाचे खाणे दिवसादिवसाला आणि आठवड्याआठवड्याला बदलत असते, शरीर आपापला तोल सांभाळत असते, म्हणून एका वेळच्या मोजणीची सरासरी गरजेशी तुलना करून अमका उपाशी आणि तमका तृप्त असे ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दिवसाला २२५० उष्मांकांच्या आधारे देशातली गरिबी मोजली होती. तिच्यावरून पुण्यात गाजलेला वाद झाला. सुखात्म्यांच्या मताने भुकेचा आकडा सोयीस्करपणे खाली येतो ही टीका मला रास्त वाटते. पण त्यांचा मूळ मुद्दा जूचंद्रच्या ताटाला तंतोतंत लागू पडतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात सुके बोंबील, जवळा, सुकट येते आणि त्याबरोबर मीठ वाढते. श्रावण लागला की कितीतरी घरांत मासळी थांबते आणि भाज्या येतात. एकाच घराला जुलैत विचारले तर ते खारट ठरेल आणि ऑगस्टच्या अखेरीस विचारले तर पथ्याचे. शेंगा-वांगे घालून केलेल्या जवळ्यात भाजीचे ‘भाग’ किती धरायचे हे तर कोणी सांगूच शकत नाही. तेव्हा एकाच घराकडे वर्षातून निदान दोनदा, वेगवेगळ्या ऋतूंत जायला हवे. आणि काय खाता याच्या जोडीला किती वाजता खाता, तेही विचारायला हवे. रात्री साडेदहाला भात खाऊन अकराला झोपणारा आणि तेवढाच भात आठला खाणारा, हे दोघे पोषणाच्या तक्त्यात जुळे भाऊ असतात.

व्यसनांच्या प्रश्नांत शब्द जपून वापरावे लागतात. २०१६-१७ च्या जागतिक तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, त्यांत ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि तोंडात ठेवणारे, चोळणारे, चघळणारे २४.४ टक्के, काही जण दोन्ही करणारे. म्हणजे इथे ‘सिगारेट ओढता का?’ हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तरी सकाळी मिश्री लावणारी बाई नाहीच म्हणेल, कारण तिच्या लेखी ते दात घासणे आहे. म्हणून चांगली प्रश्नावली पदार्थांची नावे घेते: मिश्री, गुटखा, मावा, खैनी, तंबाखूचे पान, विडी. वसईच्या पट्ट्यात दारूच्या प्रश्नालाही तेच लागू. ताडी पिणाऱ्याला आपण दारू पितो असे वाटतेच असे नाही. प्रश्नावलीत पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ आले की पुढचे सगळे प्रश्न गाळून उडी मारायची सोय असते. त्या एका ‘नाही’ने ताडीही गळते, मिश्रीही गळते, आणि अहवालात गाव निर्व्यसनी होऊन बसते.

शरीर मोजताना निदान फसगत नाही असा समज असतो. वजन-उंचीच्या गुणोत्तराबद्दल तो पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी कायमचा घालवला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हडकुळा दिसणारा भारतीय माणूस आतून चरबीदार असू शकतो, म्हणून आपल्याकडे पोटाचा घेर मोजणे भाग आहे. पुरुषाचा ९० सेंटीमीटर आणि बाईचा ८० च्या पुढे गेला की सावध व्हायचे. घेर मोजायला लागते दहा-वीस रुपयांची टेप. रक्तदाबाचे मात्र तंत्र आहे: आधी पाच मिनिटे शांत बसवायचे, हात हृदयाच्या पातळीला टेकवायचा, अर्ध्या तासात चहा-तंबाखू झालेली नसावी, आणि एकदा मोजून थांबायचे नाही. पुलाचे जिने चढून आलेल्या माणसाला फलाटावरच पट्टा बांधून ‘मोफत तपासणी’ करणारी शिबिरे उत्साही असतात, पण त्यांच्या आकड्यांचा पाहणीसाठी उपयोग नाही.

सरकारकडे या सगळ्याचे एक छोटे रूप आधीपासूनच आहे. आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक तक्ता भरते. वय, तंबाखू, रोजची दारू, कमरेचा घेर, आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल आणि घराण्यात रक्तदाब-मधुमेह, अशा सहा गोष्टींना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचे. एका कागदावर मावणारी, सहावी-सातवी शिकलेल्या माणसालाही कळणारी ही युक्ती मला फार आवडते. पण ती निवडीसाठी आहे, समजून घेण्यासाठी नाही. त्या सहा गोष्टींत झोप नाही, पाळी नाही, प्रवास नाही. गोदामात रात्रपाळी करणारा चोवीस वर्षांचा मुलगा तर वयामुळे तक्त्याबाहेरच राहतो. आणि आशाताई येते ती दिवसा. तेव्हा घरी असलेली बायकोच नवऱ्याच्या तंबाखूचे आणि हालचालीचे उत्तर देऊन टाकते.

तास विचारण्याचा हा उपाय अगदी नवा नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसाला कालच्या पहाटे चारपासून आजच्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने सांगायला लावले. २०१९ च्या पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. आणि ते करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या, पुरुष २६. ही पाहणी आरोग्यासाठी केलेली नव्हती आणि आरोग्याच्या पाहण्या दिवस विचारत नाहीत. या दोन्हींची गाठ एकाच माणसाजवळ पडली पाहिजे. साडेसहाला निघून नऊला परतणाऱ्याकडे चोवीसांतले साडेनऊ तास उरतात. त्यांतून जेवण, आंघोळ, पाणी भरणे, मुलाचा अभ्यास वजा केला की झोपेचा आकडा आपोआप हाती येतो आणि ‘फावला वेळ’ नावाचा रकाना रिकामा राहतो. नोकरी करणाऱ्या बाईच्या बाबतीत यातून आणखी चार-पाच तास वळते होतात. तिला ‘तुम्ही योगासने का करत नाही?’ हे विचारणे मला शुद्ध उद्धटपणा वाटतो.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो तो स्वतःच्या जबाबदारीचा. वेळ नाही ही सबब आहे, ज्याला जगायचे तो वेळ काढतो, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्यात १९६५ साली सुमारे सात हजार प्रौढांना सात साध्या सवयी विचारल्या होत्या: सात-आठ तास झोप, न्याहारी, अधल्या-मधल्या खाण्याला आळा, वजन, व्यायाम, सिगारेट नसणे, दारू बेताची. पंचेचाळिशीतल्या ज्या पुरुषांत यांतल्या सहा किंवा सातही सवयी होत्या, त्यांना तीन किंवा कमी सवयी असणाऱ्यांपेक्षा अकरा वर्षे जास्त आयुष्य मिळण्याची अपेक्षा निघाली. सवयींना महत्त्व आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती यादी पुन्हा वाचा. झोप, न्याहारी, अधल्या-मधल्या खाण्याला आळा, व्यायाम: सातांपैकी चार गोष्टी घड्याळाच्या ताब्यात आहेत. १९६७ मध्ये लंडनच्या सरकारी नोकरांवर सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर वरच्या श्रेणीच्या जवळपास तिप्पट निघाला. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केल्यावरही या तफावतीचा निम्म्याहून अधिक भाग उरलाच. आणि हे सगळे सरकारी नोकरीत होते, कोणी उपाशी नव्हते. आपल्या कामावर आणि दिवसावर माणसाचा किती ताबा आहे, हा प्रश्न तिथून वैद्यकात शिरला. माणसाची जबाबदारी मोजायचीच असेल, तर त्याच्या हातात किती तास होते हे आधी कळले पाहिजे. त्याखेरीज काढलेला निष्कर्ष पाहणी करणाऱ्याचे मत असतो.

राहिला खर्चाचा प्रश्न. एका गावासाठी एवढे कोण करणार? संख्याशास्त्र इथे मदतीला येते. नमुना रीतसर निवडला तर चारशे माणसांवरून टक्केवारी साधारण पाच टक्के इकडे-तिकडे अशा अचूकतेने सांगता येते, आणि वस्ती वीस हजारांची असो की दोन लाखांची, हा आकडा फारसा बदलत नाही. जुने गाव आणि नव्या इमारती वेगळ्या पाहायच्या तर दोन्हीकडे चारशे-चारशे. जवळच्या महाविद्यालयातले विद्यार्थी, एक परिचारिका, टेप, वजनकाटा, रक्तदाबाची तीन-चार स्वयंचलित यंत्रे आणि सलग आठ-दहा रविवार एवढ्यात हे होते. दोन गोष्टींत मात्र तडजोड नको. ज्याचा रक्तदाब किंवा साखर जास्त निघेल त्याला त्याच दिवशी कागदावर लिहून द्यायचे आणि कुठे जायचे ते सांगायचे. आणि कोणाचे नाव मालकाकडे, विमा कंपनीकडे किंवा गावच्या पुढाऱ्याकडे जाता कामा नये. पहिल्या रविवारी एका घरची साखर दुसऱ्या घरी कळली, तर पुढच्या रविवारी कोणी दार उघडणार नाही.

अशा पाहणीतून जी उत्तरे निघतील ती ‘चाला, कमी खा, तंबाखू सोडा’ अशी घाऊक नसतील. समजा असे दिसले की रक्तदाब वाढलेल्यांतले बहुतेक जण सहाच्या आधी घर सोडतात आणि ज्या वेळात बाह्यरुग्ण विभाग उघडा असतो त्या वेळात ते बोरिवलीच्या पलीकडे असतात. मग गोळ्या लिहून देणारा दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवणे हे चार भिंतींवर रंगवलेल्या घोषवाक्यांपेक्षा जास्त कामाचे ठरते. मुंबईत २०२२ मध्ये सुरू झालेले ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत चालतात, तेव्हा ही कल्पना काही स्वप्नातली नाही. गोदामाच्या रात्रपाळीवाल्यांची साखर जास्त निघाली तर बोलणे गोदामाच्या मालकाशी करावे लागेल, पाळीच्या मध्ये जेवायची सुटी किती वाजता आणि कँटीनमध्ये काय मिळते याबद्दल. रांगोळीकारांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना पाच-सहा इंचांचा पाट आणि तासाला एकदा उठण्याची आठवण पुरेल. आणि बायकांच्या झोपेचा आकडा पाच तासांच्या आसपास निघाला, तर तो महापालिकेच्या आरोग्य विभागाबरोबरच पाणीपुरवठा विभागाकडेही पाठवावा. नळाला पाणी पहाटे किती वाजता येते, हे तिथेच ठरते.